मशीन बोललं नाही तर

भोईटे साहेब खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी नको ते ऐकायला मिळणार. साहेब एरवी कुणाशी बसून बोलत नसत. लांबून हाक मारायची, काम सांगायचं आणि बूट वाजवत निघून जायचं, ही त्यांची रीत. माझ्याशी मात्र ते बसून बोलायचे. आवाजही असा मऊ करायचे, जणू मी दवाखान्यात पडले आहे आणि ते मोसंबी घेऊन भेटायला आलेत.

"कुंदाताई, एक विषय होता."

"बोला साहेब."

"सगळ्या कॉम्प्युटरांचं विंडोज बदलायचंय. जुन्याला कंपनीनं कायमचा रामराम ठोकलाय. वरून आदेश आलाय. शनिवारी सुट्टी आहे, त्या दिवशी धुमाळ येऊन सगळी मशिनं एकदम करून टाकणार."

"बरं."

"तुमच्या मशीनला हात लावायची सक्ती नाही. ते बोलतं ना तुमच्याशी, तसंच राहू देऊ. फक्त नव्या लाइनीला ते जोडता येणार नाही. तुम्ही तुमचं टाइप करत राहायचं, तबस्सुम ते बघून तिच्या मशीनमध्ये भरेल. तुम्हाला कसला त्रास नको, एवढंच माझं म्हणणं."

"म्हणजे मी टाइप केलेलं कुठं जाणार नाही."

"जाईल की! तबस्सुमकडं जाईल."

शेजारच्या टेबलावर तबस्सुमचं टाइपिंग थांबलं. तिचं स्वतःचं काम गळ्यापर्यंत आलेलं असायचं, त्यात आता माझंही. साहेब उठले, जाताना माझ्या टेबलावर दोनदा हळूच थोपटलं आणि म्हणाले, "विचार करा. शनिवारपर्यंत सांगा. घाई नाही."

मी तीन वर्षांची असताना गोवराने माझे डोळे नेले. त्याचं मला आता काही वाटत नाही, आठवणार तरी काय? अंधशाळेत शिकले, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि नीरेच्या काठच्या आमच्या गावच्या नगरपालिकेत लागले. पुढे पालिकेत आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं आणि ऑपरेटरची गरज संपली. नोकरी गेली नाही, काम गेलं. दोन वर्षं मी त्या कचेरीत नुसती बसून होते. सकाळी यायचं, सही म्हणून अंगठा द्यायचा, बसायचं. कुणी चहा आणून द्यायचं, कुणी बिस्किटं. "नशीबवान आहेस बाई, बसून पगार!" असं बायका म्हणायच्या. त्या दोन वर्षांत मी कधीकधी टेबलाखाली हाताची बोटं मोजायची, तेवढंच काहीतरी चालू आहे असं वाटायचं. घरी गेल्यावर विनाकारण भांडायची. आमचे हे त्या काळातले संत म्हणायला हवेत.

मग पुण्याच्या एका संस्थेने आमच्यासारख्यांना कॉम्प्युटर शिकवला आणि एक बोलणारं सॉफ्टवेअर दिलं. मी जे दाबीन ते मशीन मला कानात सांगायचं. परत आल्यावर मला तक्रारींचं टेबल मिळालं. गावातून फोन यायचे, मी ऐकून टाइप करायचे. पाणी, गटार, दिवाबत्ती आणि कुत्री, या चारांतच सगळं गाव बसायचं. डाव्या कानाला माणूस आणि उजव्या कानाला मशीन. दोघं एकाच वेळी बोलत असायचे आणि मला दोघंही कळायचे.

फक्त एक गंमत होती. मशीनला मराठी येत नव्हतं. कचेरीतला मराठी फाँट जुना, इंग्रजी अक्षरांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेला. बघणाऱ्याला 'गटार' दिसायचं, पण मशीनला आतलं इंग्रजीच कळायचं. त्यामुळे मी 'पाणी' टाइप केलं की ते म्हणायचं, आय के डॉट के एच. गटार म्हणजे एक्स व्ही के जे. कुत्रा म्हणजे डी क्यू इक्वल्स के. हे सगळं मी पाठ करून टाकलं होतं. कुणी म्हणेल हा वेडेपणा आहे. असेल. पण त्या वेड्या भाषेत मी चुका पकडायची. तरीही खरं मराठी वाक्य कसं उमटलंय ते मला कधी ऐकू आलं नाही. संध्याकाळी छापलेला कागद तबस्सुम मला वाचून दाखवायची. ती वाचेल ते माझं लिहिणं.

साहेबांनी आज मला दोन वाटा दिल्या होत्या. जुनं ठेवलं तर मशीन बोलणार, पण माझं काम कुठेच जाणार नाही. म्हणजे पुन्हा बसून पगार, फक्त या वेळी बोटं टेबलाच्या वर. आणि नवं घेतलं तर मशीन बोलेल की नाही कुणास ठाऊक. नाही बोललं तर पुन्हा तीच खुर्ची आणि तीच बिस्किटं.

मी जितू धुमाळला फोन लावून बोलावून घेतलं. जितूचं एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पालिकेची कामं त्याच्याकडे. माणूस चोख, पण तंबाखूमुळे त्याचं अर्धं वाक्य गालातच राहायचं.

"ताई, खोटं सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "तुमचं बोलणारं सॉफ्टवेअर लई जुनं हाय. नव्या विंडोजवर चालत नाय ते."

"मग नवीन घ्यायचं."

"त्याची किंमत ऐकली तर भोईटे साहेबांना सलाइन लावाया लागंल. शिवाय जनरल बॉडीत ठराव घ्यावा लागंल. आन् आपली जनरल बॉडी ठाऊक हाय ना? स्मशानातला नळ मंजूर करायला दोन निवडणुका गेल्या."

"दुसरं काहीच नाही?"

"एक फुकटातलं हाय. परदेशात दोघा आंधळ्यांनीच बनवलंय म्हणत्यात..." मग तो एकदम थांबला. "सॉरी हं ताई."

"सॉरी काय? आंधळ्यांनी बनवलंय तर चांगलंच असणार. पुढे बोल."

"मराठी वाचतंय ते. खरंखुरं. नव्या फाँटातलं. दुकानात टाकून बघितलं मी."

"वाचतं? मराठी?"

"वाचतंय. पण दुकानातली मशीन येगळी, तुमची येगळी. साहेबांनी हिकडच्या मशिनींना साउंडच घेतला नव्हता, क्लार्क लोक गाणी ऐकत बसतील म्हणून. तुमच्यात पुण्याच्या लोकांनी नंतर साउंड कार्ड बसवलं. ते लई जुनं हाय. नवं विंडोज त्याला वळखंल का नाय, ते टाकल्याबिगर कळणार नाय."

"टाक, आणि नाही ओळखलं तर जुनं परत घाल."

"जुनं विंडोज घालीन की. पण तुमचं बोलणारं परत येणार नाय. त्याचं लायसन तिथंच बांधलेलं. एकदा पुसलं का पुसलं."

तबस्सुम इतका वेळ ऐकत होती. जितू गेल्यावर ती माझ्याजवळ आली. तिच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागून वाजल्या.

"कुंदाताई, तुम्ही जुनंच ठेवा. मी करेन दोन्हीकडचं. मला काही जड नाही."

"तुला जड नाही, पण मला आहे."

"उगाच कशाला जोखीम घ्यायची? तोंडचा घास जायचा."

"तोंडचा घास कुणी दुसऱ्याने चावून द्यायचा का?" मी म्हटलं. मी ही अशीच बोलते. तबस्सुमला सवय होती. ती हसली आणि आपल्या टेबलाशी गेली, पण हसण्यात फारसा दम नव्हता.

संध्याकाळी मी घरी न जाता गिरणीवर गेले. आमच्या ह्यांची पिठाची गिरणी. मधुकरचा आवाज गिरणीपुढे लहान होतो, म्हणून तो पट्टा थांबेपर्यंत मी पोत्यावर बसून राहिले. गरम पिठाचा वास नाकात गेला की माझं डोकं आपोआप शांत होतं. मग मी त्याला सगळं सांगितलं.

"चाललंय ते चालू दे की," तो म्हणाला. "हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला?"

"हातचं काय आहे? ज्या मशीनमधलं कुणाला जाणार नाही, त्यात टाइप करणं म्हणजे हातचं?"

हाताला लागलेलं पीठ झटकल्याचा आवाज आला. नंतर तो माझ्याशेजारी पोत्यावर बसला.

"पलीकडच्या गल्लीत घरोघर घरघंट्या आल्या, तेव्हा तू म्हणाली होतीस, मसाला दळायची नवी चक्की घे. आठवतं?"

"आठवतं. तू घेतली नाहीस."

"नाही घेतली. म्हटलं आपली गिरणी चांगली चाललीय, तिला कशाला हात लावा. गिरणी अजून चांगलीच चालते, कुंदा. गिऱ्हाईकच येत नाही."

इतकं बोलून तो उठला आणि पट्टा चालू केला. कोण्या म्हातारीची ज्वारी राहिली होती. मी बसून ऐकत राहिले. माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी आत जाताच ते उभे राहिले, खुर्ची मागे सरकली. उभं कशाला राहायचं? तबस्सुम गेली तर राहतात का?

"साहेब, माझ्याही मशीनवर नवं टाका."

"विचार केलात नीट?"

"केलाय."

"आवाज आला नाही तर?"

"तर नाही आला. मग बघू."

"तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही ताई. काम नसलं तरी तुमचा पगार..."

"तेच तर नको आहे मला," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला वाटला त्याहून वर गेला. बाहेर शिपायांच्या गप्पा थांबल्या. साहेब म्हणाले, "ठीक आहे. धुमाळला सांगतो."

शनिवारी कचेरी रिकामी होती. मी मुद्दाम आले. जितू एकेक टेबल करत माझ्यापर्यंत आला. माझं मशीन पुसायच्या आधी त्याने विचारलं, "ताई, शेवटचं काय ऐकायचंय का?" हा चावटपणा होता, पण मी खरंच हेडफोन लावला. मशीन त्याच्या घोगऱ्या इंग्रजीत म्हणालं, शट डाउन. मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं कानात बोलणारा माणूस असता तर त्याला हार घातला असता.

मग बराच वेळ जितूच्या बोटांचा आणि मशीनच्या पंख्याचाच आवाज होता. जितू मधूनच 'हं' म्हणायचा, मधूनच 'हात्तिच्या' म्हणायचा. मी फक्त 'हात्तिच्या' मोजत होते.

"ताई, हेडफोन लावा बरं."

लावला. काही नाही.

"आता?"

काही नाही.

"आता?"

"जितू, काही नाही."

त्याने वायरी काढल्या, घातल्या, मशीन बंद केलं, चालू केलं. शेवटी गालातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकून आला. तो तंबाखू थुंकून बोलतो तेव्हा बातमी वाईट असते, हे मला माहीत होतं.

"कार्ड वळखत नाय. कुठंच दाखवत नाय. मला जे येतंय ते समदं केलं."

"मग?"

"सोमवारी बघतो. उद्या सासुरवाडीला जत्रा हाय, जावंच लागंल. नाय गेलो तर बायको जुनं विंडोज करून टाकंल माझं."

मी हसायला हवं होतं. हसले नाही. घरी आले आणि सरळ आडवी झाले.

रविवार मी कसा काढला ते मला विचारू नका. मधुकरने भाकरी केली, ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. मी दोन घास खाल्ले. तो 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. 'चालू दे की' असं तो आधी म्हणाला होता. पण तेही त्याने बोलून दाखवलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं. सोमवारी मी जाणार, खुर्चीत बसणार, फोन वाजणार, मी ऐकणार, आणि ऐकलेलं कुठे लिहिणार? एखाद्याला सांगणार, बाबा, एवढं लिहून घे. मग तो एखादा कंटाळेल. मग फोनही दुसऱ्या टेबलावर जाईल. साहेब खुर्ची ओढून बसतील. मला त्या मऊ आवाजाची इतकी भीती वाटत होती की मी उशीत तोंड खुपसलं.

दुपारी न राहवून जितूला फोन लावला. तिकडून असा धडाम धडाम आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला.

"ताई! काय बी ऐकू येत नाय! मेव्हण्याचा डीजे चालूय!"

"आवाजाचं काय झालं?"

"आवाज? आवाज लई हाय!" आणि फोन कट झाला.

सोमवारी मी वेळेआधी गेले आणि बंद हेडफोन गळ्यात घालून बसले. तबस्सुम आली, नुसतीच माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. तिच्या टेबलावर बटणांचा आवाज सुरू झाला. पालिकेची नवी वेबसाइट शनिवारपासून सुरू झाली होती, आता लोक घरूनही तक्रारी लिहून पाठवू शकत होते, आणि त्या सगळ्या मशीनवर येऊन पडत होत्या. तबस्सुम काहीतरी वाचून मध्येच थांबली. "काय गं?" मी विचारलं. "काही नाही ताई," ती म्हणाली. तिचं 'काही नाही' मला वास आल्यासारखं कळतं, पण मी माझ्याच दुःखात होते.

तेवढ्यात धावत आलेल्या पावलांचा आवाज. जितू. त्याच्या अंगाला अजून जत्रेतल्या मटणाचा आणि गुलालाचा वास होता.

"ताई, सरका. सापडलं."

"काय सापडलं?"

"मेव्हणा डीजेचा लॅपटॉप वाजवत होता. त्याचं बी साउंड कार्ड जळलेलं. मग मी इचारलं, आवाज येतोय कुठनं? तर म्हणतो, ह्या डबीतनं." त्याने माझ्या तळहातावर एक पेढ्याएवढी डबी ठेवली. तिला एक शेपटीसारखी वायर होती. "ही बाहेरनं खुपसायची. मशीनीतल्या कार्डाची गरजच नाय. मेव्हण्याकडं दोन होत्या, एक हिसकावून आणली. तो भांडला माझ्याशी, पण आणली."

त्याने डबी मागे खुपसली. माझ्या गळ्यातला हेडफोन न मागता स्वतःच्या पिशवीतले छोटे स्पीकर काढून जोडले. टकटक केलं. तबस्सुमही माझ्यामागे येऊन उभी राहिली होती.

आणि मशीन बोललं.

जत्रेतल्या डीजेच्या डबीवर आवाज पूर्ण चढवलेला होता. अख्खी कचेरी दणाणली. पण मराठी! सरळ, खरंखुरं मराठी. थोडं अडखळत, जोडाक्षरांना ठेच लागल्यासारखं, पण मराठी. "तक्रार. प्रभाग तीन. मुख्य जलवाहिनी फुटली आहे." आय के डॉट के एच नाही. जलवाहिनी! मी टेबलाची कड घट्ट धरली. ब्रेलमध्ये मी मराठी वाचलं होतं, पण ते माझ्यासारख्यांसाठी कुणीतरी मुद्दाम छापलेलं. हे कुणीतरी पालिकेला लिहिलेलं होतं, माझा विचारही न करता, आणि ते मी वाचत होते. जितू मोठ्याने हसला. शिपाई दारात जमले.

"पुढचं," मी म्हटलं आणि खालचं बटण दाबलं.

मशीन त्याच खणखणीत आवाजात म्हणालं, "तक्रार. विषय, दूरध्वनीवरील उर्मट वर्तन."

तबस्सुमचा हात माझ्या हातावरून पुढे गेला, वायर ओढायला. मी तो धरला.

"सोडा ताई. ते नको."

"वाचू दे त्याला."

"पाणी आले नाही म्हणून फोन केला असता," मशीन सगळ्या कचेरीला सांगू लागलं, "फोनवरील बाई अत्यंत उर्मटपणे बोलल्या. मी घरची अडचण समजावून सांगत असताना, गल्ली सांगा, गोष्ट नको, असे म्हणाल्या. सदर बाईंना योग्य ती समज देण्यात यावी. सुधाकर रणवरे, पाटबंधारे वसाहत."

कचेरीत टाचणी पडली असती तर मीच आधी ऐकली असती. जितूने हळूच आवाज कमी केला. आता उशीरच झाला होता.

मला आठवलं. रणवरे. त्यांच्या सुनेचं बाळंतपण, मग तिच्या माहेरचे लोक, मग मुंबईहून आलेले पाहुणे, आणि पाणी कुठल्या नळाला नाही ते काही केल्या सांगेनात. मी म्हटलं होतं तसं. शब्द न् शब्द बरोबर होता.

"अशा अगोदरही आल्या होत्या," तबस्सुम हळू आवाजात म्हणाली. "कागदावरच्या. एक-दोन. मी वाचल्या नाहीत तुम्हाला."

"साहेबांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं होतं, नको वाचूस म्हणून."

राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं कुणीतरी माझ्याबद्दल तक्रार करत होतं! मला वाटत होतं गावातल्या कुणालाच माझ्याबद्दल काही वाटत नाही, बिचारीच्या पलीकडे. रणवरेंना मी बिचारी वाटले नव्हते. रणवरेंना मी उर्मट वाटले होते. कधी नव्हे ते मला हलकं हलकं वाटायला लागलं.

बूट वाजवत साहेब आले. आवाज ऐकूनच आले असणार. माझ्याजवळ येईपर्यंत बूट हळू झाले, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"साहेब, बसू नका," मी म्हटलं.

खुर्ची थांबली.

"कुंदाताई, मनावर घेऊ नका. लोक काहीही लिहितात. धुमाळ, ती तक्रार काढून टाक रे."

"काढायची नाही," मी म्हटलं. "तक्रार आलीय, नोंद झालीय. उत्तर गेलं पाहिजे. माझ्याकडून खुलासा मागवा."

"खुलासा? तुमच्याकडून?"

"तबस्सुमकडून दोनदा घेतलात. त्या पाणीपुरवठ्याच्या निकमांकडून तर दर महिन्याला घेता. मला अजून एकदाही मेमो दिला नाहीत. मी काय कचेरीत पाहुणी आहे?"

"अहो, मी तुम्हाला मेमो दिला तर लोक मला काय म्हणतील?"

"काम करणाऱ्या बाईला मेमो दिला, असं म्हणतील."

साहेब उभेच होते. मग त्यांनी घसा खाकरला, आणि त्यांचा आवाज बदलला. तो मऊ राहिला नाही. निकमांशी बोलतात तसा झाला.

"तबस्सुम, मेमो काढ. 'आपण दूरध्वनीवर तक्रारदाराशी उद्धटपणे वागल्याचे निदर्शनास आले आहे. आपला लेखी खुलासा आज कार्यालयीन वेळेत सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.' आणि कुंदाताई..."

"हो साहेब?"

"वेळेत म्हणजे वेळेत."

मेमो माझ्या मशीनवर आला. मी हेडफोन लावला आणि स्वतः वाचला. दोनदा वाचला. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण माझ्या लग्नाची पत्रिका मला कुणी वाचून दाखवली होती तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. मग मी खुलासा लिहिला. एक शब्द चुकला होता, मशीनने तो वाचल्यावर मलाच कळला, मीच दुरुस्त केला. तबस्सुमला काहीच वाचून दाखवावं लागलं नाही. लिहिलं की, सदर वेळी इतर दूरध्वनी वाजत असल्याने मी घाईत बोलले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. तथापि तक्रारदाराने प्रथम गल्लीचे नाव सांगणे आवश्यकच आहे.

साहेबांनी वाचून म्हटलं, "शेवटचं वाक्य काढा."

"ते राहू दे साहेब. खरं आहे."

त्यांनी ते राहू दिलं.

संध्याकाळी कचेरी सुटायच्या सुमाराला फोन वाजला. डाव्या कानाला माणूस, उजव्या कानाला मशीन, आणि दोघंही मराठी बोलत होते.

"नगरपालिका का? मी रणवरे, पाटबंधारे वसाहत. मी तक्रार दिली होती. त्या बाईंना समज दिली का तुम्ही?"

"दिली," मी म्हटलं. "लेखी दिली."

"बरं झालं. फार तोंडाळ बाई आहे. तुम्ही कोण बोलताय?"

"तीच."

पलीकडे रणवरेंनी घसा साफ केला.

"पाणी आलं का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आलं. पण दाब फार कमी आहे हो. काय होतं, आमची सून आता बाळंतीण, त्यात..."

"रणवरे," मी म्हटलं, "गल्ली."